माइकवाले पु. ल. आणि दिल्लीचा पहिला कॅमेरा

१९२७ साली सह्याद्रीच्या दोन अंगांना दोन गोष्टी सुरू झाल्या. मुळशीच्या धरणात अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरलं आणि टाटांचं वीजकेंद्र फिरू लागलं. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र बोलू लागलं. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या मागे उभं राहून या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. तो हरला. भाताची खाचरं पाण्याखाली गेली, वीज मुंबईला गेली. पुढच्या काळात मुंबईकर ज्या रेडिओपुढे बसून हसायला शिकला, त्याच्या तापलेल्या व्हॉल्व्हमध्ये थोडी मुळशीची वीज होती, हे त्या हसण्याच्या हिशेबात सहसा कोणी धरत नाही.

या दोन्ही घटना घडल्या तेव्हा पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे नावाचा मुंबईतला एक मुलगा आठ वर्षांचाही झाला नव्हता. त्याचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा. दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, तो रेडिओच्या नाटिकांमध्ये छोटी-मोठी कामं करू लागला. अनंत काणेकरांच्या ‘पैजार’ या श्रुतिकेत त्याने भाग घेतला होता. आणखी बावीस वर्षांनी हाच माणूस दिल्लीत भारताच्या पहिल्या टेलिव्हिजन केंद्राचा निर्माता म्हणून उभा होता.

रेडिओवर लोकांना हसवणारा कलाकार टीव्हीवर गेला, मग दिग्दर्शक झाला, मग निर्माता झाला, ही वाट अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये चांगलीच मळलेली आहे. मराठीत ती पु. लं.नी चालून पाहिली, पण उलटसुलट. ते दिग्दर्शक आधी झाले, रेडिओची नोकरी नंतर धरली, टीव्ही त्यानंतर आला. आणि टीव्ही हाताशी आलेला असताना ते तो सोडून निघून गेले. त्यांच्या लेखनावर मराठीत ढीगभर लिहिलं गेलंय. त्यांच्या आयुष्यातल्या या पाच-सहा नोकरदार वर्षांकडे मात्र ‘अपूर्वाई’ या प्रवासवर्णनाची पार्श्वभूमी यापलीकडे फारसं कोणी पाहत नाही. मराठी विनोदाचं पुढे जे झालं त्याची बरीचशी कळ त्या वर्षांत सापडते.

रेडिओत नोकरीला लागण्याआधी पु. लं.चा एक अख्खा जन्म होऊन गेला होता, असं म्हणायला हरकत नाही. शाळामास्तरकी, बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठीची प्राध्यापकी, आणि १९४७ च्या ‘कुबेर’पासून सिनेमा. ‘वंदे मातरम्’, ‘पुढचं पाऊल’, ‘देवबाप्पा’ असं करत करत १९५३ मध्ये ‘गुळाचा गणपती’ आला. त्यात कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका सगळं त्यांचंच. ‘सबकुछ पु. ल.’ हे बिरुद तिथून चिकटलं. एवढं सगळं एका माणसाने केल्यावर त्याने निर्माता होऊन बसावं, निदान दुसरा सिनेमा तरी काढावा. पु. लं.नी सिनेमाकडे पाठ फिरवली आणि १९५५ मध्ये पुण्याच्या रेडिओ केंद्रावर नोकरी धरली.

त्या वर्षीचं पुणं केंद्र म्हणजे काय होतं! केंद्र सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. १ एप्रिल १९५५ पासून तिथून ‘गीतरामायण’ प्रसारित होत होतं. आठवड्याला एक गीत, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आणि या सगळ्यामागे केंद्रावर सीताकांत लाड. ग्रामीण कार्यक्रमांकडे व्यंकटेश माडगूळकर होते. म्हणजे एका इमारतीच्या व्हरांड्यात रामकथा, माणदेश आणि विनोद एकमेकांना नमस्कार करून आपापल्या स्टुडिओत शिरत असणार. हे आपोआप घडलं नव्हतं. नभोवाणी खात्याचे तेव्हाचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. फिल्मी गाण्यांना रेडिओवरून हद्दपार केल्याबद्दल ते आजही शिव्या खातात, आणि त्या शिव्या अगदीच अस्थानी नाहीत. श्रोते सरळ उठून रेडिओ सिलोनकडे गेले. पण लेखक, संगीतकार, नाटकवाले यांना निर्माता म्हणून केंद्रावर आणावं, कार्यक्रम नुसते फायली हलवणाऱ्यांनी करू नयेत, हे धोरणही त्यांच्याच काळातलं. एका हाताने गाणी काढून घेतली, दुसऱ्या हाताने लेखक दिले.

यातली एक गंमत पु. लं.नाच शोभेल अशी होती. ते पेटी वाजवण्यात तयार आणि भारतीय रेडिओवर १९४० पासून हार्मोनिअमला बंदी. परदेशी वाद्य, त्यात भारतीय श्रुती निघत नाहीत, असा आक्षेप. ही बंदी सैल व्हायला १९७० चं दशक उजाडलं. पेटीवरच्या माणसाला पेटी बंद असलेल्या खात्यात नोकरी मिळाली, आणि त्याने ती आनंदाने केलीही.

रेडिओचा स्टुडिओ ही नटाची हाडं मोडून पुन्हा बसवणारी जागा होती. नाटकातल्या माणसाला सवय असते शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची. माइकसमोर तो फेकला की कानठळ्या बसतात. तिथे श्रोता शेवटच्या रांगेत नसतो. तो हातभर अंतरावर, घरात, जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन बसलेला असतो. त्यामुळे आवाज खाली आणायचा, श्वास लपवायचा, संहितेचे कागद सुटे करून एकेक असा बाजूला ठेवायचा की त्याची सळसळ ऐकू जाऊ नये. घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या, नदीला पाण्याची बादली, पावलांना वाळूचा ट्रे. सगळं तेव्हाचं तेव्हा. लाल दिवा लागला की चूक दुरुस्त करायची सोय नाही.

विनोदासाठी तर ही कठोर तालीम होती. टोपी वाकडी करता येत नाही, धोतरात पाय अडकून पडता येत नाही, चेहरा वेडावाकडा करून टाळी घेता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे समोर हसणारं कोणीच नाही. आपला विनोद लागला की वाया गेला, ते काचेपलीकडच्या तंत्रज्ञाच्या ओठांकडे पाहून ओळखायचं. उरतात दोनच हत्यारं, शब्द आणि त्यांच्यामधली शांतता. पु. लं.च्या पुढच्या सगळ्या रंगमंचीय विनोदात वाक्य संपल्यावरचा जो नेमका ठहराव आहे, तो ज्यांनी ऐकलाय त्यांना तो कुठून आला असेल हे वेगळं सांगायला नको. याच नोकरीच्या काळात, १९५७ मध्ये, त्यांचं ‘तुझे आहे तुजपाशी’ रंगभूमीवर आलं. त्या नाटकातला काकाजी वाचून पाहावा. त्याची वाक्यं डोळ्यांना लांब वाटतात, पण कानाला बरोबर मापाची लागतात.

मग लंडन. बीबीसीत टेलिव्हिजनचं शिक्षण घेण्यासाठी पु. लं.ची निवड झाली आणि ते व पत्नी सुनीताबाई १९५८-५९ च्या सुमारास विलायतेत होते. मराठी वाचकाला या प्रवासाचं फळ म्हणून ‘अपूर्वाई’ मिळालं. पुस्तक इतकं लोकप्रिय झालं की ते लिहिणारा माणूस तिथे सहलीला गेला नव्हता, सरकारी कामाने यंत्र शिकायला गेला होता, याचा जवळजवळ विसर पडला.

त्या वेळी इंग्लंडमध्ये नेमकं काय चाललं होतं, ते पाहण्यासारखं आहे. टोनी हॅन्कॉक हा विनोदी नट १९५४ पासून रेडिओवर ‘हॅन्कॉक्स हाफ अवर’ करत होता. १९५६ मध्ये तोच कार्यक्रम बीबीसी टेलिव्हिजनवर आला. लेखक तेच, गॉल्टन आणि सिम्प्सन. काही वर्षं दोन्ही कार्यक्रम समांतर चालले. म्हणजे पु. ल. लंडनमध्ये होते तेव्हा एकच विनोदी माणूस रेडिओवर ऐकू येत होता आणि पडद्यावर दिसतही होता. हॅन्कॉकचा चेहराच असा ओघळलेला आणि कंटाळलेला होता की आवाजाला जे काम चार वाक्यांत करावं लागे ते चेहरा एका निःश्वासात करी. लेखकांनी ते हेरलं आणि टीव्हीसाठी संवाद कमी केले.

अमेरिकेत तर रेडिओवरून टीव्हीवर जाणं हा राजमार्ग झाला होता. जॅक बेनी १९३२ पासून रेडिओवर, १९५० मध्ये टीव्हीवर. गर्ट्रूड बर्ग ही बाई १९२९ पासून ‘द गोल्डबर्ग्ज’ ही न्यूयॉर्कमधल्या एका ज्यू कुटुंबाची मालिका रेडिओसाठी स्वतः लिहीत होती, त्यात कामही करत होती. १९४९ मध्ये ती सगळा संसार घेऊन टीव्हीवर आली. आणि ल्युसिल बॉल. १९४८ पासून सीबीएस रेडिओवर तिचा ‘माय फेव्हरिट हजबंड’ चालू होता. कंपनी म्हणाली, हेच टीव्हीवर कर. ती म्हणाली, करते, पण नवऱ्याच्या भूमिकेत माझा खरा नवरा, डेसी आर्नेझ, पाहिजे. १९५१ मध्ये ‘आय लव्ह लुसी’ सुरू झाली. नवरा-बायकोने मानधनात कपात मान्य केली आणि त्या बदल्यात चित्रित झालेल्या फिल्मची मालकी मागून घेतली. कंपनीला वाटलं, एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाची मालकी घेऊन ही माणसं काय करणार? त्या मालकीच्या जोरावर पुढे दोघांनी हॉलिवुडमधला आरकेओ स्टुडिओ विकत घेतला. १९६२ मध्ये ल्युसिल बॉलने आर्नेझचा हिस्साही घेतला आणि स्टुडिओची एकटी मालकीण झाली. ‘स्टार ट्रेक’ तिच्याच कंपनीने काढली.

मालकीचा हा मुद्दा लक्षात ठेवावा. पु. लं.चं पुढे काय झालं ते त्यावरून उलगडतं.

१५ सप्टेंबर १९५९. दिल्लीत आकाशवाणी भवनात टेलिव्हिजनचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. आपण आज जे ‘दूरदर्शन’ म्हणतो ते तेव्हा आकाशवाणीचंच एक लहानसं शेपूट होतं; स्वतंत्र खातं व्हायला १९७६ साल उजाडावं लागलं. थाट असा की दिल्लीतल्या एका प्रदर्शनासाठी फिलिप्स कंपनीने आणलेली सामग्री इथेच राहिली आणि तिच्यावर पाया घातला गेला. प्रक्षेपण आठवड्यातून दोनच दिवस, तेही थोडाच वेळ. घरोघरी संच नव्हतेच. दिल्लीत आणि आसपास काही ठिकाणी सार्वजनिक संच ठेवले होते, आणि लोक ‘टेलिक्लब’ करून त्यांच्यापुढे बसत. एवढ्या प्रेक्षकांपुढे सगळ्या देशाचा टेलिव्हिजन कसा असेल ते ठरवायची जबाबदारी ज्या मोजक्या लोकांवर आली, त्यांतले पु. ल. हे पहिले निर्माते. पंडित नेहरूंची भारतीय टेलिव्हिजनवरची पहिली मुलाखत घेण्याचा मानही त्यांच्याकडे जातो.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. भारतीय टेलिव्हिजनच्या जन्माच्या वेळी सूत्रं हातात असलेल्यांत एक विनोदी लेखक होता. त्याने सिनेमा दिग्दर्शित केला होता, रेडिओवर नाटकं बसवली होती, गाण्याच्या चाली दिल्या होत्या, तो एकट्याने दहा आवाज काढू शकत होता आणि वर बीबीसीत शिकून आला होता. कुठल्याही देशाला पहिल्या दिवशी याहून चांगला माणूस सापडला नसता. आणि त्या देशाने त्याच्यापुढे काय ठेवलं? शिक्षणाचे कार्यक्रम, समाजप्रबोधन, एक स्टुडिओ आणि आठवड्याचे दोन दिवस. यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. देशापुढे अन्नधान्याचा प्रश्न होता आणि टेलिव्हिजन म्हणजे चैन, असं मानणारे लोक सरकारात पुष्कळ होते. दिल्लीत रोजचं प्रक्षेपण सुरू व्हायलाही १९६५ उजाडलं.

‘निर्माता’ या पदाचा अर्थही तिकडे आणि इकडे वेगळा होता. ल्युसिल बॉल निर्माती होती म्हणजे पैसा तिचा, फिल्म तिची, स्टुडिओ तिचा. आकाशवाणीचा निर्माता हा कराराने नेमलेला कलाकार. कार्यक्रमाची कल्पना त्याची, मेहनत त्याची, मालकी खात्याची, आणि शेवटची सही वरच्या साहेबाची. चांगल्या लेखकाला अशा खुर्चीत काही वर्षं काढता येतात. जन्म काढणं अवघड.

पु. ल. नोकरी सोडून मुंबईला परतले आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर घेऊन आले. एकटा माणूस, नेपथ्य जवळजवळ नाही, आणि समोर अख्खी चाळ. पाठोपाठ ‘वाऱ्यावरची वरात’, श्रीकांत मोघ्यांसारख्या नटांना आणि सुनीताबाईंना बरोबर घेऊन. लेखक, दिग्दर्शक, मुख्य नट आणि निर्माता पुन्हा तेच. ‘गुळाचा गणपती’ची सगळी पदं परत आली, फक्त आता गल्ला स्वतःचा होता. तो त्यांनी घरात ठेवला नाही हा भाग निराळा. प्रतिष्ठान स्थापन करून पैसा वाटला. पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीलाही १९८६ मध्ये त्यातून हातभार लागला. ल्युसिल बॉलने मालकीतून स्टुडिओ घेतला, देशपांडे दांपत्याने मालकीतून देणग्या दिल्या. सुनीताबाईंचा काटेकोर हिशेब मध्ये नसता तर यातलं काहीच उभं राहिलं नसतं, हे त्यांचं आत्मकथन ‘आहे मनोहर तरी’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे.

‘बटाट्याची चाळ’ हा नाटकाचा प्रकार आहे असं सगळे म्हणतात. ऐकून पाहिलं तर तो श्रुतिकेचा प्रकार आहे. पात्रं दिसतच नाहीत, ऐकू येतात. गॅलऱ्या, जिने, नळ सगळं प्रेक्षकाने आपल्या डोक्यात बांधायचं. रेडिओने शिकवलेलं सगळं सामान त्यांनी थिएटरात नेऊन मांडलं आणि जोडीला ती एक गोष्ट घेतली जी रेडिओने कधी दिली नव्हती, समोर हसणारी माणसं. टेलिव्हिजनमधून त्यांनी काय नेलं, असं विचारलं तर उत्तर थोडं अवघड आहे. फार नसावं.

मराठीत टेलिव्हिजनवर विनोद आणायचं काम मग दुसऱ्यांनी केलं. तोही मुख्यतः रेडिओच्याच अंगणातून आलेला गोतावळा होता.

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपक उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. ज्याच्या घरी संच त्याच्या घरी गल्लीभरची पोरं, हा काळ. तोपर्यंत मुंबई आकाशवाणीवर ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’ने घराघरांत ठाण मांडलं होतं. प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भाऊजी. तीन आवाज, एक घर, आणि त्या आठवड्यात महागलेली कुठलीतरी वस्तू. टेकाडे भाऊजी कसे दिसतात हे कोणालाच माहीत नव्हतं आणि प्रत्येकाला पक्कं माहीत होतं.

टेलिव्हिजनवर विनायक चासकरांनी ‘गजरा’ काढला. छोटी प्रहसनं, थोडं गाणं, थोडी चेष्टामस्करी. नवख्या नटांना त्याने कॅमेऱ्याची ओळख करून दिली. याकूब सईद हे दूरदर्शनचे निर्माते, पण पडद्यामागे गप्प बसतील तर ना. बबन प्रभूंबरोबर त्यांनी ‘हास परिहास’ केला आणि ही जोडी मराठी घरांत ओळखीची झाली. बबन प्रभू म्हणजे ‘झोपी गेलेला जागा झाला’ आणि ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’चे लेखक. फार्स हा दारं आपटण्याचा, धावपळीचा प्रकार. तो लिहिणारा माणूस दोन खुर्च्यांवर बसून नुसत्या बोलण्यावर कार्यक्रम तोलून धरतो, याचं श्रेय कानाच्या तयारीलाच द्यावं लागेल. त्या वेळचा स्टुडिओ लहान, कॅमेरे जडशीळ, पैसे बेताचे. धावायला जागाच नव्हती. रेडिओसारखी बोलकी प्रहसनं तिथे चपखल बसली ती काही अंशी नाइलाजानेच.

नंतर याकूब सईद आणि विजया जोगळेकर-धुमाळे यांनी चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आणले. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुस्तकातला चिमणराव तोपर्यंत प्रत्येक वाचकाचा स्वतःचा होता. मालिकेनंतर तो प्रभावळकरांच्या चेहऱ्याचा झाला आणि आजतागायत तसाच आहे. बाळ कर्व्यांना तर पुढची कित्येक वर्षं लोक गुंड्याभाऊच म्हणत राहिले. टेलिव्हिजन विनोदाला चेहरा देतो, पण दिलेला चेहरा परत घेत नाही. टेकाडे भाऊजींना रेडिओने ही शिक्षा केली नव्हती. दुःखाची बाब म्हणजे त्या काळी टेप महाग असल्याने एकाच टेपवर पुन्हा पुन्हा चित्रण होई, आणि सुरुवातीच्या वर्षांतलं मराठी दूरदर्शन पुष्कळसं असंच पुसलं गेलं. सरकारी मालकीची ही दुसरी बाजू. आर्नेझ-बॉल यांनी फिल्मची मालकी हट्टाने मागून घेतली म्हणून ‘आय लव्ह लुसी’ आजही दिसते. आपल्याकडे फिल्म ठेवायचा हट्ट धरावा असं कोणाचं हितच त्यात नव्हतं.

खासगी वाहिन्या आल्यावर ते हित आलं. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं. प्रभावळकरांनी ‘लोकसत्ता’त लिहिलेल्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदे यांनी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ दिग्दर्शित केली आणि चिमणरावाचा नट आजोबा होऊन परतला. २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’मध्ये डॉ. निलेश साबळे लेखन, दिग्दर्शन, निवेदन आणि नकला हे सगळं एकहाती सांभाळताना दिसले. ‘सबकुछ’ ही परंपरा संपलेली नाही. शिडी मात्र बदलली. आज विनोदी नट रेडिओ केंद्रावरून येत नाही, एकांकिका स्पर्धांतून आणि रिअॅलिटी शोमधून येतो. मुळशीचंच उदाहरण घ्या. या तालुक्यातले प्रवीण तरडे एकांकिका, मग मालिकांचं लेखन असं करत सिनेमाकडे आले आणि २०१८ मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ लिहिला, दिग्दर्शित केला, त्यात भूमिकाही केली. तो विनोदी सिनेमा नाही. जमिनी गेल्यावर शेतकऱ्यांच्या पोरांचं काय होतं त्याची ती गोष्ट आहे. पण लिहिणारा, बसवणारा आणि करणारा एकच, ही रीत जुनीच.

स्पर्धेच्या शिडीवरून येणाऱ्याला समोर बसलेल्या प्रेक्षकांची आणि परीक्षकांची सवय असते. त्यामुळे आजच्या टीव्हीवरचा विनोद उंच आवाजात सुरू होतो आणि तिथेच राहतो. साड्या नेसलेले पुरुष, ओरडणारी सासू, मध्ये मध्ये वाजणारं संगीत आणि परीक्षकांचं खो-खो हसणं. यात गुणी नट आहेत, वाक्यांवर मेहनत घेणारे लेखकही आहेत. कमी पडतं ते माइकसमोर एकट्याने, हशाशिवाय घालवलेलं एखादं वर्ष.

पु. लं.ना टेलिव्हिजनने अखेर गाठलंच, पण पात्र म्हणून. २०१८ मध्ये सब टीव्हीवर ‘नमुने’ ही त्यांच्या लेखनावरची हिंदी मालिका आली, त्यात संजय मोने पु. ल. झाले. पुढच्या वर्षी महेश मांजरेकरांचा ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ दोन भागांत आला आणि सागर देशमुखने तरुणपणीचे पु. ल. उभे केले. हे प्रयत्न मनापासूनचे होते. पण पु. लं.च्या व्यक्तिचित्रातला अंतू बर्वा पडद्यावर आला की मराठी माणूस नकळत म्हणतो, ‘हा नाही.’ कारण त्याचा अंतू बर्वा त्याने आधी ऐकलेला असतो. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने पु. लं.च्या कथाकथनाच्या कॅसेटी काढल्या, ‘म्हैस’, ‘सखाराम गटणे’, ‘नारायण’, ‘हरितात्या’, ‘रावसाहेब’, आणि त्या कॅसेटींनी जे केलं ते कुठल्याही वाहिनीला जमलं नाही. वाचनाची आवड नसलेल्या घरांतही पु. ल. पोचले. पौडवरून मुळशीचा जलाशय डावी-उजवीकडे ठेवत ताम्हिणी घाटाने कोकणात उतरणाऱ्या गाड्यांमध्ये आजही ‘म्हैस’ लागते. कोकणातली एसटी, आडवी आलेली म्हैस आणि त्यावर जमलेला पंचनामा. एक माणूस, आवाज पंधरा, चित्र एकही नाही. पुढच्या सीटवरचे आजोबा आणि मागच्या सीटवरचं पोर एकाच वाक्याला हसतात.

ज्याने भारतातला पहिला टेलिव्हिजन हाताळला तो मराठी माणूस मराठी घरांत कानाच्या वाटेने टिकला, यात काही विरोधाभास नाही. टेलिव्हिजन त्याच्या वाट्याला फार लवकर आला, प्रेक्षक नसताना आणि मालकी नसताना. रेडिओ मात्र वेळेवर आला होता.

‘वाऱ्यावरची वरात’चं पु. लं.च्या भूमिकेसह झालेलं चित्रण आणि कथाकथनाची ध्वनिमुद्रणं आज सहज मिळतात. ज्यांना टीव्हीसाठी विनोदी लिहायचं आहे किंवा करायचं आहे त्यांनी दोन्ही मिळवावीत. आधी ‘म्हैस’ दिवे मालवून ऐकावी, नंतर ‘वरात’ पाहावी. आणि एकदा ‘वरात’चाही आवाज तेवढा चालू ठेवून पडदा झाकून बघावा. हसू किती कमी होतं ते मोजा.